चहाच्या आधी बुडालेला देश

हापूस बँक बुडाली तेव्हा अजून चहासुद्धा आला नव्हता.

"ओ मॅडम," फुलांच्या पडद्याआडून इक्बाल मुजावरांचा आवाज आला, "आमची बँक गेली न्हवं?"

"गेली," मी म्हणाले.

"मग आता आम्ही काय करायचं?"

"गप्प बसायचं. बुडालेल्यांनी बोलायचं नाही, असा नियम आहे."

"बोलत नाही. पण बुडालेल्यांना चहा तरी मिळतोय का?"

सगळं सभागृह हसलं. त्या हसण्याच्या गडबडीतच पायरी बँक गेली, तिच्या मागोमाग फणस विमा कंपनी गेली, आणि मी फळ्यावर खडूने फुली मारेपर्यंत केसर, रायवळ, तोतापुरी अशा माझ्या उरलेल्या बँका, एका विमा कंपनीसकट, लागोपाठ आडव्या झाल्या. शेवटी काजू विमा तेवढी उरली होती. तिच्या चिठ्ठीची घडी उघडली, वाचली आणि तिच्यावरही फुली मारली. आम्रदेश संपला. मी दोन महिने खपून उभारलेला देश, बातम्यांसकट, कायद्यांसकट, चहाच्या आधी बुडाला.

मी कोपऱ्यात उभ्या केळुसकर साहेबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती सकाळ आठवली की आजही मला एकटीला हसू फुटतं. तेव्हा मी तिशीची नव्हते झाले. बँका आणि विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या एका सरकारी संस्थेच्या संशोधन विभागात मी होते. विभाग म्हणजे केळुसकर साहेब, मी, दोन टंकलेखक आणि एक प्रिंटर, जो फक्त साहेबांचं ऐकायचा. आमच्या अभ्यासाचा विषय एका वाक्यात सांगता येण्यासारखा होता: एक बँक पडली तर बाकीच्या का पडतात? आमची संस्था प्रत्येक बँक वेगळी तपासायची, प्रत्येक विमा कंपनी वेगळी तपासायची आणि प्रत्येकीला प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला द्यायची. सगळ्यांची मिळून प्रकृती कशी आहे, हे बघणं कुणाचंच काम नव्हतं. ते आम्ही अंगावर घेतलं होतं आणि त्याबद्दल संस्थेत आम्हाला सगळे हसत होते.

हसण्यापर्यंत ठीक होतं. पण मग वरून निरोप आला की हा विभाग बंद करून माणसं तपासणी शाखेत पाठवण्याचा विचार आहे. अंतिम निर्णय कार्यकारी संचालक मालिनी वर्देबाईंचा. साहेबांनी बाईंना गळ घातली, की आधी आमचा एक प्रयोग बघा, मग काय ते ठरवा. बाई म्हणाल्या, बघते.

तो प्रयोग म्हणजे आम्रदेश. पाच बँका, तीन विमा कंपन्या, प्रत्येकीचं एक टेबल. टेबलावर बसणारी माणसं खरी, निरनिराळ्या गावची, निरनिराळ्या संस्थांतली. तिथे जोखीम सांभाळण्याचं काम करणारी बडी मंडळी. हापूस बँकेवर कोल्हापूरचे मुजावर, केसर बँकेवर नाशिकचे भास्करराव ठोंबरे, काजू विम्यावर मुंबईच्या योगिनी घारपुरे. प्रत्येकाला कॅरमच्या काळ्या सोंगट्या वाटल्या होत्या. त्या सोंगट्या म्हणजे रातांबा रोखे. मी एकेक बातमी वाचून दाखवायची, रोख्यांची किंमत फळ्यावर लिहायची. मग प्रत्येक टेबलाने आपापला निर्णय चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. रोखे ठेवा, थोडे विका, सगळे विका, शेजाऱ्याकडून उसने घ्या, नाहीतर नियामकाकडे येऊन मुदत मागा. विकणारे जास्त झाले की किंमत आणखी उतरायची. बँकांच्या कर्जांना हमी विमा कंपन्यांची, आणि विमा कंपन्यांचे पैसे त्याच बँकांत ठेवलेले. म्हणजे एकाचं पाऊल घसरलं की दुसऱ्याला हिसका बसणारच.

माझा अंदाज असा, की देश दिवसभर हेलकावे खाईल. कोणी घाबरेल, कोणी धीर धरेल, कोणी शेजाऱ्याला हात देईल, कोणी लबाडी करेल. आठ माणसं आठ तऱ्हांनी वागतील आणि त्या आठ तऱ्हांचा आम्ही अभ्यास करू. पण चिठ्ठ्या उघडल्या तर आठही चिठ्ठ्यांवर दोनच शब्द होते. सगळे विका.

सगळ्यांनी एकच केलं तर अभ्यास कशाचा करायचा?

जागा होती पन्हाळ्यावरच्या एका हॉटेलची. आमच्या अंदाजपत्रकात बसणारं ते एकच सभागृह, आणि आदल्या दिवशी तिथे कुणाचा तरी साखरपुडा झालेला. मंचावर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. मागच्या भिंतीवर थर्मोकोलचा बदाम होता. एकमेकांची टेबलं दिसू नयेत म्हणून मी मध्ये पडदे हवेत असं कळवलं होतं, तर हॉटेलवाल्याने झेंडूच्या माळांनी मढवलेल्या चौकटी आणून उभ्या केल्या. त्यामुळे आमची राष्ट्रीय आपत्ती एखाद्या लग्नघरातल्यासारखी दिसत होती.

चहा आला. साहेब मला खिडकीशी घेऊन गेले.

"गौतमी, संगनमत आहे हे."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं! काल रात्री जेवताना ठरवलंय यांनी. म्हणजे लवकर संपवून पन्हाळा बघायला मोकळे." साहेबांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं पसरलं होतं. "वर्देबाई जेवणाच्या वेळी पोचतायत. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या तगारे सरांना त्यांच्याच गाडीतून आणतायत. दुपारी तुझं सादरीकरण, लगेच सरांचा सत्कार. बाईंना काय सांगणार आहेस तू? देश होता, चहा घ्यायला गेला?"

मला हसू आवरेना. खरं सांगते, विभाग बंद पडायची वेळ आली होती, तरी हसू आवरेना.

"मी विचारते त्यांना," मी म्हणाले.

विचारलं. मी चांगलं गोड बोलून विचारलं होतं, पण 'संगनमत' हा शब्द कानावर पडताच योगिनी घारपुरे ताडकन उठल्या.

"मी? आणि या ठोंबऱ्यांशी? अहो, गेल्या वर्षापासून आम्ही बोलत नाही एकमेकांशी!"

"बोलायला काही ठेवलंय का तुमच्या कंपनीने?" ठोंबरे पडद्यापलीकडून म्हणाले. "आमचा दावा दाबून बसलात."

"दावा नव्हता तो, कादंबरी होती!"

"बघितलंत?" मुजावर मला म्हणाले. "ही माणसं मिळून कट करणार? काय राव, यांना मिळून फोटो काढता येत नाही. काल मी मधे उभा राहिलो तेव्हा निघाला."

कट नव्हता, एवढं नक्की झालं. मग मी देश पुन्हा उभा केला. सगळ्यांची टेबलं बदलली. बँकवाल्यांना विम्यावर बसवलं, विमावाल्यांना बँकांवर. बातमी बदलली. मघाशी रातांब्याचं पीक बुडालं होतं, आता बंदरात संप केला. आम्रदेश बुडाला. तिसऱ्या वेळी मी आधीच जाहीर केलं, की सगळे रोखे एकदम विकणाऱ्याला दंड होईल. आम्रदेश दंड भरून बुडाला, आणि पहिल्या वेळेपेक्षा लवकर बुडाला. ठोंबऱ्यांनी तर बातमी पुरती ऐकायच्या आधीच चिठ्ठी टाकली.

"नियम पाळतोय ना आम्ही?" त्यांनी विचारलं.

"पाळताय," मी म्हणाले. तोच तर घोटाळा होता. एकाचंही काही चुकत नव्हतं. एकेक टेबल स्वतंत्रपणे तपासलं असतं, तर मी प्रत्येकाला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आता मलाच ईर्ष्या चढली. चौथ्या वेळी मी बातमी वाचली आणि किंमत थोडीशीच उतरवली, नऊ टक्के. सभागृहात सामसूम. एकही सोंगटी हलली नाही. चिठ्ठ्या उघडल्या, तर आठही चिठ्ठ्यांवर 'ठेवा'. बरं, म्हटलं. दुसरी बातमी वाचली आणि किंमत अगदी किंचित, केसभर आणखी उतरवली. दहाची रेघ ओलांडली.

या वेळी मी फळ्याशी थांबले नाही. मंचावर गेले, नवरीच्या मखमली खुर्चीवर चपला काढून चढले आणि झेंडूच्या पडद्यांवरून खाली बघू लागले. नीट दिसावं म्हणून चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला.

खाली भास्करराव ठोंबऱ्यांनी चष्मा काढला. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं. आधी डावी काच पुसली, मग उजवी. चष्मा दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून पाहिला. नाकावर ठेवला. आणि लिहिलं.

पलीकडच्या टेबलावर योगिनी घारपुरेंनी चष्मा काढला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आधी डावी काच, मग उजवी. दिव्यासमोर धरला.

त्याच्या पलीकडे तेच. त्याच्याही पलीकडे तेच. कुणाला कुणी दिसत नव्हतं, आणि सगळे जण एखाद्या कवायतीत असावेत तसे एकदम काचा पुसत होते. इक्बाल मुजावरांना चष्मा नव्हता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, त्याची काच पुसली, दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून पाहिलं आणि ते परत बांधून चिठ्ठी लिहायला घेतली.

मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते.

कारण हे मी पाहिलेलं होतं. विद्यापीठात दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा. तगारे सर फळ्यावर एक उतरती रेघ काढायचे. रेघ दहा टक्क्यांवर आली की खडू थांबायचा. सर चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्याने आधी डावी काच पुसायचे, मग उजवी, ट्यूबलाइटसमोर धरून एक डोळा मिटायचे. सगळा वर्ग श्वास रोखून बघायचा. मग चष्मा नाकावर चढवून सर म्हणायचे, "आता विका. कारण नंतर शोधा."

विश्वंभर तगारे. विद्यापीठात तेच शिकवायचे, बँकवाल्यांच्या प्रशिक्षण संस्थेत शनिवारी तेच, विमावाल्यांच्या संध्याकाळच्या वर्गालाही तेच. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या भागात ज्याने म्हणून जोखमीचा ज गिरवला, तो सरांच्या समोर बसलेला. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सत्कारासाठी सर येणार म्हटल्यावर आठपैकी एकानेही यायला नकार दिला नव्हता, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

मी तशीच अनवाणी साहेबांकडे धावले आणि त्यांना ओढतच मुदपाकखान्याच्या दाराशी नेलं. आत पांढरा रस्सा उकळत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. आनंदाने माझा आवाज चिरकत होता. एवढ्या वर्षांत कुणाला न दिसलेली गोष्ट मला दिसली होती. आठ संस्था, आठ तिजोऱ्या, आठ दाखले, आणि निर्णय घेणारं डोकं एकच!

साहेबांचा चेहरा मात्र उतरत गेला.

"हे तू वर्देबाईंना सांगणार?"

"मग?"

"सरांसमोर? त्यांच्या सत्काराच्या आधी? देशाला धोका कुणाचा, तर समोर बसलेत त्यांचा, आणि आता आपण त्यांना शाल पांघरू या?"

माझा आनंद तिथल्या तिथे विरला. मी हे धरलंच नव्हतं. सरांनीच मला या नोकरीसाठी चिठ्ठी दिली होती. माझे वडील गेले त्या वर्षी सरांनी मला विचारलंसुद्धा नव्हतं आणि माझी फी भरून टाकली होती. त्या माणसाला मी भर सभेत, त्याच्याच विद्यार्थ्यांसमोर उभं करणार होते.

"सांग, संगनमत झालं," साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

"ते खोटं आहे."

"मग सांग, खेळात खोट निघाली."

"म्हणजे सोमवारी तपासणी शाखा."

"तपासणी शाखेतही माणसंच असतात, गौतमी." साहेबांनी रस्स्याच्या पातेल्याकडे पाहत सुस्कारा सोडला. "ठरव तू. मी तुझ्या मागे उभा आहे. जरा लांब, पण उभा आहे."

जेवणाच्या वेळी गाडी आली. वर्देबाई उतरल्या; ताठ, खादीची साडी, हातात पिशवी. त्यांच्या पाठोपाठ धोतराचा सोगा सावरत सर उतरले. आठही टेबलं धावली. पायांना हात लावायला रांग लागली. त्या रांगेत मुजावरांच्या मागे योगिनी घारपुरे आणि त्यांच्या मागे चक्क ठोंबरे होते. सर प्रत्येकाला नावाने ओळखत होते. "ठोंबरे, पोट सुटलं तुझं." "योगिनी, अजून भांडतेस का सगळ्यांशी?" मग मी दिसले.

"गौतमी! जेवलीस?"

"हो सर."

"खोटं बोलतेस. परीक्षेच्या दिवशी तू कधी जेवली नाहीस."

त्यांनी स्वतःच्या ताटातली खीर माझ्यासमोर सरकवली. मी ती चमच्याने नुसती ढवळत राहिले. सर मात्र खुशीत होते, मुजावरांकडून बुडालेल्या बँकेची कहाणी ऐकून खोखो हसत होते. मला त्या हसण्याने आणखी रडू येत होतं.

सादरीकरण सुरू झालं. वर्देबाई आणि सर मंचावर, त्या लाल मखमली खुर्च्यांवर, मागे थर्मोकोलचा बदाम. मी चारही फेऱ्यांचे आकडे दाखवले. नऊ टक्क्यांवर सगळे स्वस्थ, दहाच्या पुढे गेल्यावर सगळे एकदम दाराशी. एकेकटं पाहिलं तर प्रत्येक जण शहाणा, आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज म्हणजे बुडालेला देश.

"हे दिसलं," वर्देबाई म्हणाल्या. "कारण काय?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाल्याप्रमाणे माझ्या मागे उभे होते, जरा लांब, दाराच्या बाहेर.

"खेळात काही खोट होती का?" बाईंनी विचारलं. त्या काही वाईट बोलत नव्हत्या. उलट मला वाट काढून देत होत्या. "नवा प्रयोग आहे, असू शकते."

हो म्हणणं इतकं सोपं होतं! तोंडापर्यंत आलं होतं. पण मग मला त्या घड्याळ पुसणाऱ्या मुजावरांची आठवण झाली. खोट असती तर ती माझ्या कागदांत असती. ती आमच्या सगळ्यांच्या हातांत होती.

"खोट नाही, बाई," मी म्हणाले. "या आठही जणांना एकाच माणसाने शिकवलंय. किंमत एकदशांशाने उतरली की विकायचं, हा नियम सगळ्यांनी एकाच फळ्यावरून घेतलाय. एका बँकेसाठी तो नियम उत्तम आहे. सगळ्यांकडे तोच असेल, तर तोच धोका आहे. आपण बँकांची भांडवलं तपासतो, विम्याचे दावे तपासतो. सगळे जण एकसारखा विचार करतात का, हे आपण तपासत नाही."

"कोणी शिकवलंय?"

"तगारे सरांनी," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना मंचाकडे वळल्या.

"ओ मॅडम," ठोंबरे अर्धवट उठले, "काय बोलताय? सरांमुळे आमच्या बँकेचा एक पैसा आजवर बुडाला नाही!"

"शोभतं का हे?" योगिनी घारपुरे माझ्याकडे बोट दाखवत ठोंबऱ्यांना म्हणाल्या. वर्षभरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

आणि तेवढ्यात मुजावरांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. "घड्याळ!" ते म्हणाले. "अरे देवा, मी घड्याळ पुसलं! मला चष्माच नाही! वीस वर्षं घड्याळ पुसतोय मी!" ते टेबलावर हात आपटायला लागले. शेजारच्या टेबलावर कुणाला तरी आपला रुमाल अजून बोटाला गुंडाळलेला दिसला. हसण्याची लाट सभागृहभर पसरली. हसता हसता एकेक जण मंचाकडे पाही आणि दचकून गप्प होई.

सर हसत नव्हते. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढे झुकले होते.

"गौतमी, एक विचारू?"

"विचारा सर."

"तुझ्या आम्रदेशात नियामक आहे ना? तो काय करतो?"

"रोख्यांची किंमत ठरावीक रेषेखाली गेली की ते धोक्याचे जाहीर करतो, सर. मग ते बाळगणाऱ्याला दुप्पट रक्कम बाजूला काढून ठेवावी लागते."

"म्हणजे बाळगणाऱ्याला विकणं भागच पडतं."

"बऱ्याच वेळा, सर."

"ती रेषा कुठे आखलीस?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"दहा टक्क्यांवर," मी म्हणाले.

"आखली कुणी?"

"मी."

"का? नऊ का नाही? पंधरा का नाही?"

तो आकडा मी कुठून काढला होता, हेच मला आठवेना. तो मला आकडा वाटलाच नव्हता. पाणी शंभर अंशांवर उकळतं, तसा तो वाटला होता. आठ खेळाडू आणि नववी पंच, सगळे एकाच वर्गातून उठून आलेले.

"केळुसकर," वर्देबाईंनी दाराकडे पाहिलं, "आपल्या संस्थेच्या नव्या परिपत्रकाच्या मसुद्यात ती रेषा कितीवर आहे?"

"दहावर, बाई," दाराबाहेरून आवाज आला.

"मसुदा कुणी केला?"

"मी."

"तुम्ही कुठे शिकलात?"

दाराआडून साहेबांचं डोकं तेवढं आत आलं. "संध्याकाळच्या वर्गाला," साहेब म्हणाले. "तिसऱ्या बाकावर बसायचो."

आता मात्र सभागृहाला आवरणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. ठोंबरे डोळे पुसत होते, योगिनी घारपुरे त्यांच्याच खांद्याला धरून हसत होत्या. ताठ बसलेल्या वर्देबाईंनीही पिशवी तोंडासमोर धरली.

"मी इतिहासाची विद्यार्थिनी," त्या शेवटी म्हणाल्या. "आपल्याला अर्थशास्त्र येत नाही म्हणून इतकी वर्षं बैठकांत दबून बसत होते. आज पहिल्यांदा बरं वाटतंय." मग माझ्याकडे वळल्या. "मसुदा मागे घ्या. विभाग राहील. पुढचा माणूस मात्र असा शोधा, ज्याने सरांचं नावही ऐकलेलं नाही."

विभाग राहिला होता. दोन महिने ज्याच्यासाठी झोप उडाली होती ते झालं होतं, आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी सरांकडे बघत होते. साहेब घाईघाईने शाल-श्रीफळ घेऊन आत आले, काहीतरी शुभ करून हे सगळं झाकून टाकावं म्हणून. सरांनी हाताने त्यांना थांबवलं आणि ते उठून उभे राहिले. हसणं बंद झालं.

"मी प्रत्येक तासाच्या शेवटी एक प्रश्न विचारायचो," सर म्हणाले. "आठवतो?"

ठोंबऱ्यांनी मुजावरांकडे पाहिलं.

"कुणाला काही शंका?" सरांनी आमच्यावरून नजर फिरवली, अगदी वर्गात फिरवायचे तशी. "इतकी वर्षं विचारलं. विद्यापीठात विचारलं, शनिवारी विचारलं, संध्याकाळी विचारलं. एक हात वर आला नाही रे कधी. तुम्ही माना डोलवायचात आणि उतरवून घ्यायचात. आणि मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, मी फार छान शिकवतो, कुणाला शंकाच उरत नाही."

त्यांनी मखमली खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं ते आता खाली बसतील. पण त्यांनी मान वर केली, तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या पोराला पतंग मिळावा तसा उजळला होता.

"आज एक हात वर आला. निवृत्त झाल्यावर का होईना, आला!"

मला रडू कोसळलं. लाज वाटायचीही शुद्ध नव्हती. सर मंचाच्या पायऱ्या उतरून माझ्यासमोर आले. मला वाटलं पाठीवर हात ठेवतील, आशीर्वाद देतील.

"पण तुझा निष्कर्ष साफ चुकलाय," ते म्हणाले.

"सर?"

"एकसारखा विचार करणं हा रोग नव्हे. सगळे एका दाराने बाहेर पडू बघतात, दार अरुंद आहे, म्हणून चेंगराचेंगरी होते. माणसांची डोकी निराळी करत बसण्यापेक्षा दार रुंद कर. बाजारात घेणारे वाढव. बाई, हिने अहवालात हे लिहिलं पाहिजे. लिहून घे, गौतमी."

माझ्या हातात पेन होतं. वही उघडी होती. बोटं आपणहून हललीसुद्धा, आणि समोरची आठही माणसं खिसे चाचपून पेनं काढायला लागलेली मला दिसली.

"नाही सर," मी म्हणाले.

सभागृहात कुणाचं तरी पेन खाली पडलं. सरांना मी हे आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते.

"नाही?" सर म्हणाले.

"नाही. दार कितीही रुंद केलं तरी बाहेर घेणारा कोणीतरी उभा हवा. आणि तोही तुमचाच विद्यार्थी असेल, तर तो घेणार नाही, सर. तोही त्याच क्षणी विकायला निघालेला असेल."

सरांनी ठोंबऱ्यांच्या टेबलाजवळची खुर्ची ओढली, माझ्यासमोर अगदी जवळ टाकली, धोतर सावरून तिच्यावर बसले आणि मलाही बसायची खूण केली.

"बरं," ते म्हणाले. "का नाही घेणार, ते मला पहिल्यापासून समजावून सांग."